पेन्शनीचा संसार : दोघांनी मिळून मांडावयाचा जमाखर्च

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, शिक्षण, आरोग्य या विषयांवर जाणकार मंडळी लिहितीलच. आम्ही शिक्षकी पेशातले. मुलांना शेकडेवारी आणि सरळव्याज शिकविण्यात आमचे दिवस जातात. तेव्हा त्याच शेकडेवारीचा घरोघरी उपयोग व्हावा अशा एका साध्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्ही योजिले आहे. घरातील कमावते माणूस वर्षा-दोन वर्षांत निवृत्त व्हावयाचे असेल, तर घरखर्चाचे आणि त्याच्या छंदाचे अंदाजपत्रक आधीच कसे मांडावे, हा तो विषय होय.

निवृत्तीचा विचार आपल्याकडे बहुधा समारंभापासून सुरू होतो. हारतुरे होतात, भाषणे होतात, पेढे किंवा आपल्या बेळगावचा कुंदा वाटला जातो, आणि दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेस पासबुकातला आकडा पाहून घर एकदम गप्प होते. वास्तविक हा आकडा वर्षभर आधी कागदावर मांडता येतो. त्यास ज्योतिषी लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि थोडा मोकळेपणा लागतो. मोकळेपणा म्हणण्याचे कारण असे की, हे अंदाजपत्रक नवऱ्याने एकट्याने करावयाचे नाही आणि बायकोने एकटीने तर नाहीच नाही. पुढील विवेचनात नोकरी यजमानांची धरली आहे. ती बाईंची असेल तेथे वाचकांनी शब्द उलटे करून वाचावेत, हिशेब तोच राहील.

प्रथम जमेची बाजू पाहू. उदाहरण म्हणून रेल्वेतील असा एक कर्मचारी घेऊ, जो १९९३ साली नोकरीस लागला व ३३ वर्षांची सेवा करून वयाच्या ६० व्या वर्षी निवृत्त होत आहे. त्याचे शेवटचे मूळ वेतन ६०,००० रुपये समजा. महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैपासून बदलतो. आपण हिशेब सोपा व्हावा म्हणून तो ५० टक्के धरू. म्हणजे मूळ वेतन व भत्ता मिळून ९०,००० रुपये झाले. कपाती वजा जाता हाती ७८,००० रुपये येत होते असे मानू.

जुन्या नियमाने त्याची पेन्शन मूळ वेतनाच्या निम्मी, म्हणजे ३०,००० रुपये. तीवर ५० टक्के महागाईचे १५,००० रुपये. एकूण ४५,०००. परंतु येथे एक निर्णय घ्यावा लागतो, ज्याला लोकांच्या भाषेत पेन्शन विकणे म्हणतात. केंद्राच्या नियमांप्रमाणे मूळ पेन्शनीचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकून त्याबद्दल एकरकमी पैसे घेता येतात. आपल्या उदाहरणात हा भाग १२,००० रुपयांचा होतो. तक्त्याप्रमाणे पुढच्या वाढदिवशी ६१ वर्षे पुरी होणाऱ्यास ८.१९४ हा गुणक लागतो. म्हणून १२,००० गुणिले १२ महिने गुणिले ८.१९४, बरोबर ११,७९,९३६ रुपये. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो. तोवर मूळ पेन्शन १८,००० उरते. मात्र महागाईची रक्कम पूर्ण ३०,००० वरच मोजली जाते. तेव्हा महिन्याला हाती १८,००० व १५,००० मिळून ३३,००० रुपये येतील.

पेन्शन विकावी की विकू नये? १५ वर्षांत १२,००० रुपयांप्रमाणे २१,६०,००० रुपये सोडावे लागतात आणि त्याबद्दल आज ११,७९,९३६ मिळतात, हे आधी ध्यानात घ्यावे. दुसऱ्या बाजूस, मध्येच मृत्यू झाला तर उरलेली रक्कम कोणी मागत नाही व पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनातूनही ती कापली जात नाही. आमचे मत असे की, डोक्यावर घराचे कर्ज असेल, किंवा छप्पर दुरुस्त करावयाचे असेल, तर विकणे योग्य. नुसती रक्कम मोठी दिसते म्हणून विकू नये. पूर्ण ४० टक्के विकलेच पाहिजेत असेही नाही. कमी भाग विकता येतो.

आता एकरकमी जमा. ग्रॅच्युइटी ३३ वर्षांच्या सेवेस मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या साडेसोळा पट, म्हणजे १४,८५,००० रुपये. शिल्लक रजेचा पगार जास्तीत जास्त ३०० दिवसांचा, म्हणजे ९,००,००० रुपये. त्यात पेन्शन विक्रीचे ११,७९,९३६ मिळविले की एकूण ३५,६४,९३६ रुपये झाले. भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक ज्याची त्याची वेगळी. ती आपण येथे धरलेली नाही.

वाचकहो, याच जागी पुष्कळ संसार घसरतात. जन्मभर ज्याने पाच आकडी पगार पाहिला, त्याला सात आकडी रक्कम एकदम दिसली की ती कधी संपणार नाही असे वाटते. मुलाला धंद्यासाठी, पुतण्याला जागेसाठी, व्याह्यांना उसनवारीने, असे हात आपोआप पुढे येतात. म्हणून आमचा पहिला नियम असा की, ही रक्कम घरी येण्यापूर्वीच तिची वाटणी कागदावर झालेली असावी, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात.

आता दुसरा नियम सांगतो आणि तोच या लेखाचा गाभा आहे. बहुतेक अंदाजपत्रके दोघे हयात आहेत असे धरून केली जातात. पण संसारात कोणी तरी एक मागे राहावयाचेच असते, आणि वयाच्या अंतरामुळे ती बहुधा पत्नी असते. तिला काय मिळेल हा आकडा किती घरांत ठाऊक आहे? निवृत्त माणसाच्या मृत्यूनंतर पत्नीस ७ वर्षे, अथवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर मूळ वेतनाच्या ५० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर ते ३० टक्के होते. आपल्या उदाहरणात ६०,००० चे ३० टक्के म्हणजे १८,००० रुपये, व त्यावर महागाईचे ९,०००. एकूण २७,०००.

हा २७,००० चा आकडा कागदाच्या डोक्यावर लिहावा. घराचा गरजेचा खर्च या आकड्याच्या आत बसवावा. हौसेचा खर्च त्याच्या वरून करावा. असे केले म्हणजे पुढे प्रसंग आला तरी मागे राहणाऱ्या माणसाचे दूध, औषध आणि विजेचे बिल यांस धक्का लागत नाही. जी हौस थांबेल ती थांबेल, चूल थांबणार नाही.

गरजेचा खर्च काढताना नोकरीबरोबर थांबणारे खर्च आधी वजा करावेत: कामावर जाण्यायेण्याचे भाडे, डबा सोडून बाहेरचा चहाफराळ, संघटनेची वर्गणी, निधीची कपात. त्याच वेळी वाढणारे खर्चही मांडावेत. स्वारी दिवसभर घरी असली की पंखा दिवसभर फिरतो, चहाचे आधण दोन वेळा अधिक चढते, आणि 'सहज आलो होतो' म्हणणारे मित्रही चहाविना जात नाहीत. यात हसण्यासारखे असले तरी गॅसचे सिलिंडर लवकर संपते हे खरे आहे.

घरपट्टी, विमा, सणाचे कपडे, वाहनाची दुरुस्ती हे वर्षाचे खर्च लोक विसरतात. त्यांची वर्षाची बेरीज करून बारावा हिस्सा दरमहा बाजूला काढावा. दोन माणसांच्या घरासाठी आम्ही नमुना म्हणून पुढील मांडणी सुचवितो. आकडे प्रत्येकाने आपापल्या घराचे घालावेत.

किराणा व धान्य ८,०००
दूध, भाजी, फळे, मटण-मासळी ५,५००
गॅस, वीज, पाणी, फोन ३,०००
नेहमीची औषधे व तपासण्या ३,५००
घरपट्टी, विमा, दुरुस्ती यांचा बारावा हिस्सा २,५००
कपडे, सणवार, देणेघेणे २,५००
रिक्षा, पेट्रोल, जवळचा प्रवास १,५००
किरकोळ ५००
एकूण २७,०००

आता एकरकमी जमेची वाटणी. घराच्या कर्जाचे ६ लाख उरले असतील तर ते फेडून टाकावेत. आजारपणासाठी ५ लाख वेगळे ठेवावेत. रेल्वेच्या निवृत्तांना निवृत्तीच्या वेळी वर्गणी भरून रेल्वेच्या रुग्णालयांचा लाभ चालू ठेवता येतो. तथापि बेळगावच्या माणसास मोठ्या उपचारासाठी हुबळीस जावे लागले तर जाणे, राहणे व सोबतीच्या माणसाचा खर्च आपलाच असतो, हे विसरू नये. १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घालावेत. २००४ साली सुरू झालेल्या या योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. मुदत ५ वर्षांची, व्याज दर तिमाहीस मिळते, आणि ठेव ठेवतेवेळी जो दर असेल तो ५ वर्षे बदलत नाही. हिशेबासाठी ८ टक्के धरले तर वर्षाचे १,२०,०००, म्हणजे महिन्याचे १०,००० रुपये होतात. खाते पतिपत्नीच्या नावाने संयुक्त काढता येते, आणि तसेच काढावे. आणखी ९ लाख महागाईशी तोंड देण्यासाठी मुदतीच्या ठेवीत राखून ठेवावेत. आजचे २७,००० दहा वर्षांनी तेवढेच सामान आणणार नाहीत. ६, ५, १५ आणि ९ मिळून ३५ लाख झाले. उरले ६४,९३६ रुपये. ते कशासाठी, हे आता सांगतो.

माणूस ३३ वर्षे घड्याळाच्या काट्यावर चालला आणि एके दिवशी घड्याळ काढून ठेवले, तर त्याचे मन कशात तरी गुंतले पाहिजे. छंदास आपण चैन समजतो आणि म्हणून त्यास अंदाजपत्रकात जागा देत नाही. परिणाम दोनच होतात. एक तर तो छंद 'पुढे पाहू' म्हणून मरतो आणि माणूस दारात खुर्ची टाकून बसतो. नाही तर तो चोरपावलांनी किराण्याच्या पैशांत शिरतो आणि घरात धुसफूस सुरू होते. यावर उपाय एकच: छंदाला त्याची स्वतःची ओळ द्यावी, आणि त्या ओळीच्या बाहेर त्यास पाऊल टाकू देऊ नये.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. गाण्याची आवड बेळगावच्या पाण्यातच आहे. रामकृष्णबुवा वझे यांचे वास्तव्य येथे होते. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली जवळच्या सुळेभावी गावचा. तेव्हा निवृत्तीनंतर गाणे शिकावे व घरी स्वतःचा तंबोरा असावा असे एखाद्या यजमानांच्या मनात आले तर नवल नाही. तंबोऱ्यासाठी मिरज काही दूर नाही. तेथील सतारमेकर घराण्यांची कारागिरी पिढ्यान् पिढ्यांची आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

अशा छंदाचा खर्च तीन भागांत मांडावा. पहिला एकदाच होणारा, म्हणजे वाद्याची किंमत, खोळ आणि पेटी. भोपळा नाजूक असतो. पेटीत काटकसर केली तर एका प्रवासात वाद्य तडकते. दुसरा दरमहाचा, म्हणजे शिक्षकांची फी. तिसरा लपलेला: तारा तुटतात, जवारी झिजली की कारागिराकडून पुन्हा काढून घ्यावी लागते, मैफलीस जाण्यायेण्याचे भाडे लागते. समजा फी १,५००, तारा व जवारी यांचे वर्षाच्या खर्चावरून महिन्याला ३००, आणि प्रवासाचे ७००. एकूण २,५०० रुपये. लोक पहिला खर्च धरतात, दुसरा कुरकुरत मान्य करतात, आणि तिसऱ्यामुळे अडचणीत येतात.

आमची सूचना अशी की, निवृत्तीच्या वर्षभर आधीच छंदास सुरुवात करावी आणि वाद्य मात्र शेवटी घ्यावे. स्वरासाठी आरंभी मोबाइलवरचा तंबोरा पुरतो. सहा महिने रोज अर्धा तास बैठक मोडली नाही, तर मिरजेस जावे. न टिकलेल्या छंदाचे वाद्य माळ्यावर धूळ खाते, आणि त्याकडे पाहून वाटणारी खंत वाद्याच्या किमतीहून महाग पडते. हाच नियम बागेस, कॅमेऱ्यास आणि सुतारकामाच्या हत्यारांसही लागू आहे.

येथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. यजमान निवृत्त झाले. घरधनीण कधी निवृत्त होणार? तिने तीस वर्षे पहाटे उठून ज्या डब्याची काळजी वाहिली, तो डबा बंद झाला तरी चूल तिच्याच मागे आहे. तिलाही काही आवडत असेल: भरतकाम, वाचन, पोहणे, मैत्रिणींबरोबर चार दिवसांचा प्रवास. पुष्कळदा तिला स्वतःला ते सांगता येत नाही, कारण तिला कोणी कधी विचारलेलेच नसते. म्हणून अंदाजपत्रकात छंदाच्या ओळी दोन असाव्यात आणि दोन्ही आकडे सारखे असावेत. वर उरलेले ६४,९३६ रुपये दोघांच्या एकदाच होणाऱ्या खरेदीसाठी निम्मेनिम्म, प्रत्येकी ३२,४६८, ठेवावेत असे आम्ही त्यासाठीच म्हणतो. तिने आपल्या वाट्याचे पैसे कशावर खर्चिले याचा हिशेब मागू नये, जसा तारांचा हिशेब ती मागणार नाही.

आता महिन्याचा मेळ घालू. पेन्शनीचे ३३,००० आणि व्याजाचे १०,००० मिळून जमा ४३,०००. गरजेचे २७,००० गेले की १६,००० उरतात. त्यांतून त्यांचा छंद २,५००, तिचा छंद २,५००, मुलाबाळांकडे जाणेयेणे व नातवंडे ३,०००, दानधर्म २,०००, आणि बचत ६,०००. याप्रमाणे बेरीज पुरी होते.

दानधर्माच्या ओळीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कोणाच्या घरी वारीची वर्गणी असते, कोणाच्या घरी गणपतीची, कोणाच्या घरी देवस्थानची. आमच्या मुस्लिम घरांत वर्षभर साठून राहिलेल्या पैशावर चाळिसावा हिस्सा जकात द्यावयाची असते. पगारदार माणसाजवळ शिल्लकच थोडी, म्हणून ही रक्कम आजवर लहान असे. परंतु वरील वाटणीत कर्ज फिटल्यावर २९ लाख शिल्लक राहतात. त्यांचा चाळिसावा हिस्सा ७२,५००, म्हणजे महिन्याला ६,००० हून थोडा अधिक होतो. अशा घराने बचतीचे ६,००० आणि दानाचे २,००० या दोन ओळींची अदलाबदल करावी, व वर्षाचा थोडा फरक बचतीतून भरावा. ज्यांना व्याज घ्यावयाचे नाही, त्यांनी त्या १०,००० च्या जागी घरभाड्यासारखी दुसरी आमदनी आधी उभी करावी, नाहीतर सारे ३३,००० मध्ये बसवावे. तेव्हाही गरजेचे २७,००० सुरक्षित राहून वर ६,००० उरतात, हा या रीतीचा फायदाच म्हणावा.

सर्वांनाच अशी पेन्शन असते असे नाही. केंद्राच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून लागलेल्यांना साधारणपणे ही जुनी योजना लागू नाही. आपल्या उद्यमबागेतील कारखान्यांत राबणाऱ्या बंधूंची पेन्शन १९९५ च्या योजनेची. तिचे सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षे, भागिले ७०. २०१४ साली ठरलेल्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवर ३० वर्षे धरली तर महिन्याचे ६,४२८ रुपये होतात, आणि विधवेस त्याचे निम्मे. अशा घराने उलट बाजूने हिशेब करावा. महिन्याला २०,००० रुपये व्याज हवे असेल तर ८ टक्क्यांनी ३० लाखांची ठेव लागते. तेवढी जमत नसेल तर गरजेचा आकडा खाली आणावा, किंवा अर्धवेळ कामाचा विचार आताच करावा. आकडे कमी आहेत म्हणून कागद टाळणे हा उपाय नव्हे; ज्याच्याजवळ थोडे आहे त्यालाच मोजण्याची गरज अधिक.

कागदपत्रांची एक गोष्ट आपल्या सीमाभागास विशेष लागू आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, रेशनकार्डावर कानडीत आणि सेवापुस्तकात इंग्रजीत असते, आणि तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याने आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेले असते. पत्नीचे तर माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे. यजमान हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाचे काम आहे. त्यांच्या पश्चात तीच एकट्या बाईस महिनोन् महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवावयास लावते. तेव्हा पत्नीचे नाव व जन्मतारीख सेवापुस्तकात, आधारकार्डावर, बँकेत आणि पुढे पेन्शनीच्या आदेशात एकसारखी आहे याची खात्री निवृत्तीच्या वर्षभर आधी करावी. पेन्शनीचे खाते दोघांच्या नावाने असावे, आणि दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो हे दोघांनाही माहीत असावे.

शेवटी रंगीत तालमीविषयी. नाटक मंडळी पडदा वर जाण्यापूर्वी तालीम घेतात, संसारानेही घ्यावी. निवृत्तीच्या आधीचे सहा महिने, हाती ७८,००० येत असले तरी ४३,००० मध्येच घर चालवून पाहावे आणि उरलेले ३५,००० खात्यात तसेच राहू द्यावेत. कोठे कमी पडते, कोठे उगाच धरले होते, हे तीन महिन्यांत कळते. सहा महिन्यांअखेर २,१०,००० रुपये जमतात ते वेगळेच. पहिली पेन्शन यावयास उशीर झाला तर तेच कामास येतात.

वेतन आयोग बदलतील, व्याजाचे दर खालीवर होतील आणि आमचे हे आकडे जुने होतील; रीत मात्र तीच राहील. न्यासाच्या ज्या घरांत येत्या वर्षा-दोन वर्षांत निवृत्ती आहे, त्यांनी येत्या रविवारी एक कोरा कागद घेऊन दोघांनी समोरासमोर बसावे, मागे राहणाऱ्यास महिन्याला काय मिळेल तो आकडा प्रथम लिहावा, आणि मग खाली उतरावे, एवढीच आमची विनंती आहे.